वाडीचं वर्ष, चर्चचं वर्ष



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या वर्गात काही मुलं ख्रिस्ती असत, काही हिंदू. गणपतीची सुट्टी संपली की ते निबंध लिहायला देत आणि नाताळची सुट्टी संपली की पुन्हा देत. दोन्ही वेळा विषय एकच: सणाच्या आदल्या दिवशी घरात कोण काय करत होतं? खुद्द सणाचं वर्णन त्यांना नको असे. त्या निबंधांत मुलं लिहायची ती बहुतेक आईबद्दल, आजीबद्दल आणि वाडीत राबणाऱ्या माणसांबद्दल. आज मी जे बोलणार आहे ते त्या आदल्या दिवसांबद्दलच आहे. विषय आहे कॅथोलिक चर्चचं उपासना वर्ष आणि आमचं रोजचं जगणं.

श्रद्धेबद्दल बोलायला लागलं की हल्ली माणसं आपल्या मनाबद्दल बोलू लागतात. मला देव जाणवतो, मला जाणवत नाही, पूर्वी जाणवायचा, आता नाही. या बोलण्यात प्रामाणिकपणा असतो, त्याचा मी मान राखते. पण मनावर सोपवलेली श्रद्धा टिकत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. मन आज भरलेलं असतं, उद्या कोरडं असतं. आमच्या आईवडिलांची श्रद्धा टिकली, कारण ती तारखांना बांधलेली होती. कुठल्या बुधवारी कपाळाला राख लावायची, कुठल्या शुक्रवारी घरात मटण शिजवायचं नाही, कुठल्या रविवारी झावळ्या घेऊन चर्चला जायचं, कुठल्या संध्याकाळी कबरीवर मेणबत्ती लावायची, हे ठरलेलं होतं. त्या दिवशी मन लागो न लागो, हात कामाला लागत. आणि हात लागले की पुष्कळदा मनही मागून येई.

आमचं घर वसईतलं, बागायतदारांचं. केळी, पानवेल, भाजी आणि फुलं. स्वयंपाकघरात दोन दिनदर्शिका शेजारी शेजारी टांगलेल्या असत. एक चर्चची आणि दुसरी कालनिर्णय. कालनिर्णय 1973 साली निघालं आणि पुढे आमच्यासारख्या ख्रिस्ती घरांतही गेलं, कारण दादरच्या फूलबाजारात माल पाठवणाऱ्या माणसाला दसरा केव्हा, नवरात्र केव्हा, मार्गशीर्षातले गुरुवार किती, हे माहीत नसून चालत नाही. मार्गशीर्षातले गुरुवार आणि आमच्या आगमनकाळातले रविवार साधारण एकाच सुमाराला येतात. पहाटेच्या लोकलनं शेजाऱ्यांच्या लक्ष्मीसाठी फुलं जात आणि त्याच आठवड्यात आमच्या वेदीवर जांभळं वस्त्र चढलेलं असे. दोन्हीकडे वाट पाहणं चाललेलं असे. बाबांना यात कधी काही विसंगत वाटलं नाही. मलाही वाटत नाही.

हे वर्ष कसं रचलंय ते थोडक्यात सांगते, कारण इथे बसलेल्या अनेकांना ते परकं असेल. जानेवारीशी त्याचा संबंध नाही. ते सुरू होतं 27 नोव्हेंबर ते 3 डिसेंबर यांच्यामध्ये पडणाऱ्या रविवारी. नाताळपूर्वीचे चार रविवार म्हणजे आगमनकाळ. मग नाताळचे दिवस. मग काही आठवडे हिरवे, ज्यांना सामान्य काळ म्हणतात. मग राखेच्या बुधवारपासून उपवासकाळ, पवित्र सप्ताह, ईस्टर, ईस्टर धरून पन्नासाव्या दिवशी पवित्र आत्म्याचा सण, आणि त्यानंतर पुन्हा हिरवा काळ, थेट नोव्हेंबरच्या अखेरीपर्यंत. रविवारची वाचनं तीन वर्षांच्या चक्रानं फिरतात: एक वर्ष मत्तयचं, एक मार्कचं, एक लूकचं. योहान मुख्यतः मोठ्या सणांच्या आगेमागे येतो. ही आजची मांडणी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, 1969 साली ठरली. तिचा सांगाडा मात्र फार जुना आहे.

नाताळ पंचवीस डिसेंबरला पक्का, पण ईस्टर चंद्रावर चालतो. 21 मार्च किंवा त्यानंतर येणारी पहिली पौर्णिमा, आणि त्या पौर्णिमेनंतरचा रविवार. म्हणून ईस्टर 22 मार्चपासून 25 एप्रिलपर्यंत कुठेही पडू शकतो. मराठी माणसाला हे समजायला अजिबात अवघड नाही. ती पौर्णिमा बहुतेक वेळा एक तर होळीची असते, नाहीतर हनुमान जयंतीची. 2024 साली धुळवड 25 मार्चला होती आणि ईस्टर 31 मार्चला. 2025 साली हनुमान जयंती 12 एप्रिलला आणि ईस्टर 20 एप्रिलला. लहानपणी पवित्र सप्ताहातल्या गुरुवारी रात्री चर्चमधून परतताना आकाशात चंद्र मोठा दिसायचा. तो दरवर्षी मोठाच का असतो, याचं उत्तर मला पुष्कळ उशिरा कळलं.

आता मुद्द्याकडे येते. हे वर्ष भूमध्य समुद्राच्या काठी घडलं. तिथल्या हवामानात त्याचे अर्थ पक्के झाले. नाताळ म्हणजे वर्षातल्या सर्वांत काळोख्या दिवसांत आलेला प्रकाश. ईस्टर म्हणजे थंडीनं मेलेल्या जमिनीतून वर आलेला कोंब. युरोपातल्या चित्रांत, गाण्यांत, भेटकार्डांवर तेच. पण आमच्या वाडीत नाताळला काळोख नसतो. भात झोडून झालेलं असतं, हवेत गारवा असतो, सकाळी केळीच्या पानांवरून दव ठिबकत असतं. आणि ईस्टरला आमच्याकडे वसंत कसला, ऊन चटके देतं. विहिरीचा तळ दिसायला लागतो. मग हे वर्ष आमच्यासाठी परकं ठरतं का? मी बरीच वर्षं या प्रश्नावर विचार केला आहे आणि माझं उत्तर उलटं आहे. इथे आल्यावर या वर्षाला असे अर्थ सापडले, जे त्याला तिकडे सापडले नसते.

मोगऱ्याचंच घ्या. मोगरा थंडी सरली की धरतो. म्हणजे नेमका उपवासकाळात. आणि उपवासकाळात वेदीवर फुलं ठेवत नाहीत. त्यातला चौथा रविवार आणि मध्ये येणारे मोठे सण एवढेच अपवाद. फुलांच्या घरात हा नियम किती बोचतो, हे बाहेरच्या माणसाला कळायचं नाही. अंगणात टोपल्या भरलेल्या, ओल्या फडक्याखाली कळ्या, सगळ्या घराला वास, आणि रविवारी चर्चमध्ये वेदी उघडी. मूठभर मोगरा नेऊन ठेवला असता तर कुणाचं काय गेलं असतं, असं मी आईला विचारलं होतं. आई म्हणाली, "बाय, आपल्याकडे नाही म्हणून ठेवत नाही, असं नाही गं. आहे, तरी थांबायचं." उपवासाची व्याख्या मी पुढे पुष्कळ पुस्तकांत वाचली. आईच्या त्या वाक्यापुढे कुठलीच गेली नाही. नसलेल्याचा उपवास गरिबाला रोजच घडतो. चर्च मागते तो असलेल्याचा.

दुसरं पाण्याचं. ईस्टरच्या आदल्या रात्रीचा विधी हा सगळ्या वर्षाचा माथा आहे. चर्चमधले दिवे मालवलेले असतात. बाहेर आवारात नवा अग्नी पेटवतात. मोठ्या मेणबत्तीवर धर्मगुरू क्रूस कोरतात, ग्रीक वर्णमालेतलं पहिलं आणि शेवटचं अक्षर कोरतात आणि क्रुसाच्या चार कोनांत चालू वर्षाचे चार आकडे. 2025 साली ते होते 2, 0, 2, 5. मला हा क्षण फार मोलाचा वाटतो. दोन हजार वर्षांपूर्वीच्या घटनेवर कालची नव्हे, याच वर्षाची तारीख कोरली जाते. मग त्या एका ज्योतीवरून लोकांच्या हातातल्या मेणबत्त्या पेटत जातात, आणि जुन्या करारातली वाचनं सुरू होतात. त्यांत समुद्र दुभंगून इस्रायली लोक पार झाले ते वाचन कधीच गाळता येत नाही. त्यानंतर पाणी आशीर्वादित होतं. ही रात्र आमच्याकडे मार्च-एप्रिलमध्ये येते, जेव्हा बायका विहिरीचं पाणी जपून काढत असतात. युरोपात या पाण्याकडे पाहणाऱ्याला बाप्तिस्मा आठवत असेल. आमच्याकडच्या माणसाला बाप्तिस्मा आठवतो आणि घरची विहीरही आठवते. आई बाटलीतून ते पाणी घरी आणायची आणि बाबा त्यातलं थोडं विहिरीत ओतायचे. ते हे कुणाकडून शिकले मला माहीत नाही; कुठल्या विधिग्रंथात मी वाचलं नाही.

फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी हरित वसईसाठी जो लढा दिला, पाण्याचा आणि झाडांचा, त्याची मुळं मला इथे दिसतात. साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून महाराष्ट्र त्यांना ओळखतो, 'सुबोध बायबल'चे कर्ते म्हणून ओळखतो. पण आम्ही वसईकर त्यांना विहिरी उपसून पाणी नेणाऱ्या टँकरच्या दिवसांपासून ओळखतो. दर ईस्टरला पाणी पवित्र म्हणून हातात घेणाऱ्या धर्मगुरूनं विहिरी उपसणाऱ्यांपुढे गप्प कसं बसावं? पोप फ्रान्सिस यांनी 2015 साली सृष्टीच्या जतनासाठी 1 सप्टेंबर हा प्रार्थनेचा दिवस ठरवला. वसईला ती प्रार्थना नवी नव्हती.

आणि तिसरा हिरवा काळ. पवित्र आत्म्याचा सण मे-जूनमध्ये येतो आणि त्यानंतर धर्मगुरूंच्या अंगावर हिरवं वस्त्र येतं. आमच्याकडे पाऊसही त्याच सुमाराला येतो. आषाढीपासून कार्तिकीपर्यंतचे चार महिने तर या हिरव्या काळाच्या पोटातच मावतात. म्हणजे चर्च आणि शेत एकाच रंगाचे होतात, आणि वारीला निघालेले शेजारीही त्याच हिरव्यातून चालत जातात. रोममध्ये हा काळ कडक उन्हाळ्याचा. वर्षातले तेहतीस-चौतीस आठवडे सामान्य काळाचे असतात आणि त्यातला मोठा हिस्सा हाच. त्यात नाताळ-ईस्टरएवढा मोठा सण नाही, मोठा उपवास नाही. येशू चालतोय, शिकवतोय, आजाऱ्यांना बरं करतोय, कुणाच्या घरी जेवायला बसतोय, एवढंच दर रविवारी वाचलं जातं. बी पेरणाऱ्याचा दाखला, निदणाचा दाखला, मोहरीच्या दाण्याचा दाखला हे आम्ही छत्र्या भिंतीला टेकवून, ओल्या पायांनी ऐकलेले आहेत. बाहेर रोपं लावून झालेली असत. बीजाबद्दल फादर बोलत आणि बाकांवरचे शेतकरी मान डोलवत, कारण चांगली जमीन कुठली आणि खडकाळ कुठली, हे त्यांना प्रवचनाची गरज न पडता ठाऊक होतं.

मला कुणी विचारलं की चर्चच्या वर्षातला सर्वांत महत्त्वाचा काळ कुठला, तर धर्मशास्त्राच्या दृष्टीनं मी ईस्टर सांगेन. पण श्रद्धा कुठे घडते असं विचारलं, तर हिरवा काळ. तिथेच तर आयुष्य जातं. त्या काळातली स्मरणं पाहा. 24 जूनला बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचा जन्मदिन, नाताळच्या सुमारे सहा महिने आधी. योहानानं आईच्या उदरात उडी मारली असं शुभवर्तमान सांगतं, म्हणून गोव्यात त्या दिवशी डोक्यावर पानाफुलांचे मुकुट घालून पोरं भरल्या विहिरीत उड्या मारतात. 29 जूनला पेत्र आणि पौल. पेत्र कोळी होता, आणि त्याचा दिवस नेमका होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवल्यावर येतो. गोव्यात त्या दिवशी होड्या एकमेकींना बांधून सांगोड, म्हणजे तरंगता मंच, करतात. 22 जुलैला मग्दालिया मारिया. 2016 साली पोप फ्रान्सिस यांनी तिच्या दिवसाला प्रेषितांच्या दिवसांइतका दर्जा दिला. 29 जुलैला मार्था, स्वयंपाकघरातली, पाहुण्यांसाठी राबणारी. मग 8 सप्टेंबरला मारियेचा जन्मदिन आणि त्याच सुमाराला वांद्र्याच्या डोंगरावरची जत्रा, जिथे मेणाचे हात, पाय, घरं, बाळं अर्पण करायला सगळ्या धर्मांची माणसं रांगा लावतात. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी मुंबईच्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती लोकांच्या गावांत आगेरा, नव्या भाताच्या लोंब्यांचा सण. यात चर्चचं काय आणि मातीचं काय, हे वेगळं काढायला गेलात तर दोन्ही फाटतील.

हे वर्ष आमच्याकडे आलं कसं, याचा इतिहास दोन वाक्यांत सांगण्यासारखा नाही, आणि त्यातल्या जखमाही मी झाकणार नाही. 1534 साली वसई पोर्तुगीजांकडे गेली, 1739 साली चिमाजी अप्पांनी ती जिंकली. सत्तेच्या बळावर जे झालं त्याचा हिशेब इतिहासकारांनी मांडला आहे आणि तो मांडलाच पाहिजे. मला आज वेगळी गोष्ट सांगायची आहे. 1739 नंतर राज्यकर्ते गेले, युरोपीय धर्मगुरू बहुतेक गेले. तरी राखेचा बुधवार आला आणि लोकांनी राख लावली. ज्याच्यामागे आता कुठलीही तलवार नव्हती, ते वर्ष लोकांनी स्वतःहून पाळलं, मूठभर देशी धर्मगुरूंच्या साथीनं. तेव्हापासून ते आमचं झालं, असं मी मानते. त्याच्याही आधी, 1616 साली, फादर स्टीफन्स यांचं क्रिस्तपुराण गोव्यात छापलं गेलं. सुमारे अकरा हजार ओव्या. एका इंग्रज माणसानं मराठी ओवीत येशूचा जन्म, दुःखसहन, पुनरुत्थान सांगितलं आणि रविवारी, सणावारी लोक ते एकत्र बसून ऐकू लागले. मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, मात्र त्यानंतरही साडेतीनशे वर्षं लॅटिनमध्येच राहिली. 4 डिसेंबर 1963 रोजी व्हॅटिकन परिषदेनं उपासनेविषयीचा दस्तऐवज संमत केला आणि लोकभाषेला वाट मोकळी झाली. आजीला लॅटिनमधलं एक अक्षर समजत नव्हतं, पण कुठला काळ चालू आहे हे ती वेदीवरच्या रंगावरून सांगायची. अक्षर न कळणाऱ्यालाही वाचता येईल असं हे वर्ष आहे.

इथे मला एक कठोर गोष्ट बोलायची आहे. वर्ष पाळलं की श्रद्धा आलीच, असं होत नाही. सणाला बँडवर, रोषणाईवर, जेवणावळींवर आम्ही किती उधळतो ते सगळ्यांना दिसतं. उपवासकाळात मटण सोडायचं आणि त्याच चाळीस दिवसांत वाडीवर राबणाऱ्या मजुराची मजुरी थकवायची, हेही घडतं. पण या वर्षाचं मोठेपण असं की त्याचा टीकाकार त्याच्याच आत बसवलेला आहे. राखेचा बुधवार होऊन दोनच दिवस गेले की शुक्रवारी यशया संदेष्ट्याच्या ग्रंथातला अठ्ठावन्नावा अध्याय वाचतात. त्यात देव विचारतो, तुमचा हा कसला उपवास? मान खाली घालून गोणपाटावर बसता आणि आपल्या मजुरांना पिळता? मला हवा तो उपवास म्हणजे जू तोडणं, भुकेल्याला आपल्या ताटातलं देणं, उघड्याला पांघरूण घालणं. कपाळावरची राख पुरती पुसलीही गेलेली नसते, तेवढ्यात हे ऐकावं लागतं. जो हे ऐकूनही सोमवारी मजुराला ताटकळत ठेवतो, त्यानं राख न लावलेली बरी.

राखेबद्दल आणखी सांगते, कारण ती कुठून येते हे अनेक ख्रिस्ती तरुणांनाही ठाऊक नसतं. झावळ्यांच्या रविवारी आम्ही जी पाती हातात धरून मिरवणुकीत चालतो, ती घरी आणून क्रुसामागे किंवा येशूच्या तसबिरीमागे खोचून ठेवतो. लहान मुलं त्यांचे छोटे क्रूस विणतात. वर्षभर ती तिथेच वाळतात. पुढच्या वर्षी राखेच्या बुधवारच्या आधी चर्चमध्ये सूचना होते, जुनी पाती आणून द्या. ती जाळून, चाळून त्याची राख करतात. म्हणजे ज्या पात्यानं गेल्या वर्षी जयजयकार केला तेच यंदा कपाळावर काळं होऊन उतरतं. आमच्याकडची पाती नारळाची, आमच्याच वाडीतली. कुठल्या माडाची झावळी तोडली ते बाबांना माहीत असायचं. आपण मातीचे आहोत हे आठवण्यासाठी आणखी कुठला पुरावा हवा?

तारखांना बांधलेली श्रद्धा दुःखात काय करते, ते मला माझ्या घरात कळलं. बाबा गेले 27 डिसेंबरला. घरात नाताळचा गोठा मांडलेला होता, कंदील लटकत होता, डब्यांत नेवऱ्या आणि कलकल होते. शेजारणी म्हणाल्या, गोठा झाकून ठेवा, सुतकात बरं दिसत नाही. आईनं झाकू दिला नाही. दुसऱ्या दिवशी बाबांना माती द्यायची होती. त्या सकाळच्या मिस्सेला मी गेले, आणि वेदीवर लाल वस्त्र पाहून चमकले. नाताळच्या आठवड्यात लाल? लाल रंग रक्तसाक्ष्यांचा. मग आठवलं, 28 डिसेंबर. हेरोदानं बेथलेहेममधली लहान बाळं मारली, त्यांच्या स्मरणाचा दिवस. लेकरांसाठी रडणाऱ्या, सांत्वन नाकारणाऱ्या राहेलचं वाचन झालं. नाताळच्या दुसऱ्याच दिवशी, 26 तारखेला, दगडांनी ठेचून मारलेल्या स्तेफनाचा सण असतो, हेही तेव्हा ध्यानात आलं. ही स्मरणं मी लहानपणापासून पाळत आले होते, पण गोठ्याच्या इतक्या जवळ मृत्यू आणून ठेवणारं वर्ष कुणी रचलं असेल, असा विचार त्या दिवसापर्यंत केला नव्हता. माझं दुःख सणाच्या आड आलं असं मला वाटत होतं. चर्चनं त्या दुःखासाठी नाताळच्या आतच जागा राखून ठेवलेली होती, माझ्या जन्माच्या कितीतरी शतकं आधी. दुपारी शवपेटी चर्चमध्ये आणली तेव्हा डाव्या हाताला गोठा होता. कुणीही तो हलवला नाही.

पुढच्या 2 नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, आम्ही बाबांच्या कबरीवर गेलो. हा दिवस क्लुनीच्या मठात मठाधिपती ओदिलो यांनी दहाव्या-अकराव्या शतकाच्या सांध्यावर सुरू केला. आमच्याकडे आदल्या दिवसापासून दफनभूमीत वर्दळ असते. गवत उपटायचं, क्रुसावरचं शेवाळ नारळाच्या काथ्यानं घासायचं, पुसट झालेल्या नावावर रंग फिरवायचा, झेंडू पसरायचा. आईनं बाजारात पाठवायच्या टोपलीतून झेंडू बाजूला काढून ठेवला होता. दिवाळी नुकतीच होऊन गेलेली, भाव उतरलेला, पण आईनं निवडून काढला तो पहिल्या प्रतीचा. संध्याकाळी सगळ्या कबरींवर मेणबत्त्या लागल्या. रडण्याची वेळ नेमून दिलेली असणं ही फार मोठी सोय आहे. उरलेले दिवस माणूस कामाला लागू शकतो.

आदल्या दिवसांची सगळी कामं बायका करत आल्या, हे गुरुजींनी दिलेल्या निबंधांत दरवर्षी लिहिलं जाई. वेदीजवळ मात्र बराच काळ पुरुषच दिसत. पवित्र गुरुवारी धर्मगुरू लोकांचे पाय धुतात, येशूनं शिष्यांचे धुतले तसे. नियमात त्यासाठी पुरुषच निवडायचे असं होतं. 2016 च्या जानेवारीत पोप फ्रान्सिस यांनी तो नियम बदलला. त्यानंतर एका पवित्र गुरुवारी आमच्या चर्चमध्ये बाकावर एक म्हातारी बसली होती. उभं आयुष्य दुसऱ्यांच्या वाड्यांत काम केलेली. तिनं लाजून पाय मागे ओढले. टाचांच्या भेगांत माती बसलेली होती, ती कितीही घासली तरी निघणारी नव्हती, आणि बोटांवर केळीच्या चिकाचे काळे डाग. फादरांनी गुडघे टेकले, पाणी ओतलं, टाच तळहातावर घेतली आणि टॉवेलनं टिपली. डाग काही गेले नाहीत. माझ्या शेजारी बसलेल्या बागायतदारानं नजर खाली वळवली. त्याच्याच वाडीवर ती कामाला होती. तो संस्कार कुणावर झाला, तिच्यावर की त्याच्यावर, हे मी आजही सांगू शकत नाही.

आता वाड्या कमी झाल्या. जिथे पानवेल होती तिथे इमारती आहेत. मोगऱ्याच्या वासावरून उपवासकाळ आला हे ओळखणारी नाकंही कमी झाली. मुलं आखातात आहेत, कॅनडात आहेत. शेत सुटलं तरी हे वर्ष टिकेल का, असं मला विचारतात. मला वाटतं टिकेल, कारण ते यापूर्वीही नव्या जमिनीत रुजलं आहे. आखाती देशांत शुक्रवारची सुट्टी असे, म्हणून तिथल्या चर्चनं रविवारची उपासना शुक्रवारी ठेवली, आणि ड्युटी संपवून आलेली माणसं चर्चच्या आवारात दाटीवाटीनं उभी राहिली. माहीमच्या चर्चमध्ये 1948 सालापासून बुधवारची नोव्हेना प्रार्थना चालते. कचेरीतून लोकलनं घरी जाताना मध्येच उतरून प्रार्थना करणाऱ्यांनी तो बुधवार आपला करून घेतला. शिफ्टमध्ये काम करणाऱ्या, फ्लॅटमध्ये राहणाऱ्या माणसाचं उपासना वर्ष कसं दिसेल, ते तीच माणसं पाळून ठरवतील. एक अट मात्र मी घालेन: आदला दिवस विकत आणू नका. तयार गोठा आणि तयार फराळ मिळतो, पण वाट पाहणं बाजारात मिळत नाही.

माझी एक भाची आखातात नर्स आहे. एका वर्षी ईस्टरच्या आदल्या रात्री तिची ड्युटी होती, आणि रविवारी सकाळीही सुटका झाली नाही. फोनवर तिचा आवाज भरून आला, "मावशी, यंदा माझा ईस्टर हुकला." मी तिला म्हटलं, अगं, उपवासकाळ चाळीस दिवसांचा आणि ईस्टर पन्नास दिवसांचा. दुःखापेक्षा आनंदाला चर्चनं दहा दिवस जास्तच दिलेत. तुझा तर एकच गेला. मंगळवारी तिला सुट्टी मिळाली आणि ती मिस्सेला गेली. आलेलुया तसाच गायला गेला, मोठी मेणबत्ती वेदीपाशी तशीच तेवत होती. ईस्टरनंतरच्या मंगळवारचं शुभवर्तमान योहानाचं असतं: मग्दालिया मारिया थडग्यापाशी रडत उभी आहे, मागे वळते, समोर येशू उभा आहे आणि तिला तो ओळखू येत नाही. तिला वाटतं, हा बागेचा माळी. भाचीनं ते मला संध्याकाळी फोनवर पुन्हा सगळं सांगितलं, जणू मी कधी ऐकलंच नव्हतं. बाबांचा हा सर्वांत आवडता उतारा होता. माळ्याच्या वेशात येशू उभा राहिला याचा त्यांना अभिमान वाटे आणि वसईतल्या प्रत्येक वाडीवाल्याला हा उतारा दरवर्षी ऐकवला पाहिजे, असं ते म्हणत. तो वाचला जातोच, दर ईस्टरच्या मंगळवारी, चर्चमध्ये पन्नास माणसं असोत किंवा पाच.